बेबीताईचं कोरियन कोर्ट

बेबीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी राजापेठेत मेथी घेत होते. जुडी हातातच राहिली. त्याच दुपारी तिच्याकडे मालिकेचा तेरावा भाग बघायचं ठरलं होतं...

तिला कोरियन मालिकांचं वेड होतं, आणि त्यातही खुनाचा आळ आलेल्या बायकांच्या. शिलाई मशीनला मोबाइल टेकवून ती बसायची आणि तिसऱ्या भागातच निकाल देऊन मोकळी व्हायची. "हिनं नाई मारलं. हे पाह्य, कप विसळून ठेवून राह्यली. मारणारी बाई असं करीन काय?" मी वाद घालायचे आणि दरवेळी तोंडघशी पडायचे. तिची पारख पक्की होती. नवऱ्याला विष दिल्याच्या आरोपाखाली ती स्वतः दीड वर्ष जेलमध्ये काढून आली होती.

अकोल्याजवळच्या गावात आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. मी तिथल्या शाळेत मास्तरीण, नवरा शेतकरी. त्या वर्षांत कधी कुणाच्या घरून फवारणीचं औषध प्यायल्याची बातमी येईल, सांगता येत नसे. नवरा अबोल झाला की बाया बाटली लपवत. बेबीताईनं ती ज्वारीच्या कोठीत खुपसताना मी पाहिलं होतं. तिच्या नवऱ्याला ती सापडलीच. सासरच्यांनी तिच्यावर आळ घेतला. पोलिसांनी मला विचारलं आणि मी सांगितलं, हो, बाटली तिनंच लपवली होती. एक अक्षर खोटं नव्हतं. पण कशासाठी लपवली, ते कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. शिकलेली बाई मी, घाबरले.

ती निर्दोष सुटली आणि शहरात येऊन राजापेठेत शिवणकाम करू लागली. पुढं मुलीच्या क्लासेससाठी मीही तिथंच खोली घेतली. बाजारात समोर आली, तर म्हणाली, "कावून व मास्तरीणबाई, घरी नाई येत?" मी गेले आणि जातच राहिले.

एका मालिकेत शेजारीण साक्षीला उभी राहिली. मी मोबाइल बंद करायला हात पुढं केला. "पाहू दे," ती म्हणाली, "तिले जेवढं इचारलं तेवढंच सांगून राह्यली ते." मला राहवलं नाही. "बेबीताई, मायाही घरी लपवलेली होती वं बाटली."

"मले माईत नाई काय? राखेच्या डब्यात ठेव, मानसं त्याले हात लावत नाईत, हे मीच सांगतलं होतं तुले."

"मंग कोर्टात कावून नाई सांगतलं? तुया वकील तर इचारून राह्यला होता, आनखी कोन लपवते म्हनून."

तिनं दातानं दोरा तोडला. "नाव घेतलं असतं त कुठी लपवली तेही सांगा लागलं असतं. तुया घरी भाऊजी तवा लय गप गप राहे."

मग तिनं मालिका पुढं सुरू केली. मी रडत होते आणि ती मला त्या शेजारणीचं नाव विचारत होती.

परवा नवरा गावाहून आला, तेव्हा हा लेख मी त्याला वाचून दाखवला. राखेच्या डब्याची गोष्ट त्याला आजवर ठाऊक नव्हती. ऐकून तो म्हणाला, "मी तवा सारं घर शोधलं होतं."