अंतराळयानाचं बंद दार

“दार उघडायचं,” प्रोड्यूसर फोनवर म्हणाले. “मित्र वाचला पाहिजे. नाहीतर ऐकणारे इथेच मालिका सोडतील.”

मी ऑडिओ मालिका लिहिते. सोलापुरात घरी बसून लिखाण, पुण्यात रेकॉर्डिंग. ही मालिका अंतराळातल्या युद्धाची होती. असं युद्ध कुणी पाहिलेलं नाही, त्यामुळे लेखक शिडाच्या जहाजांपासून पाणबुड्यांपर्यंतच्या जुन्या लढायांचा आधार घेतात. तिथेही जहाज म्हणजे एक बंद गाव. वेशीबाहेर पडलात की मेलात.

म्हणून मी महबूबचाचांना सल्लागार म्हणून घेतलं. ते आमच्याच गल्लीत राहतात. मूळचे सांगोल्याचे, टँकरच्या रांगेत वाढलेले, आणि नोकरी केली नौदलात.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझी सुसाट पळणारी यानं बाजूला ठेवायला लावली.

“जहाजाला भोक पडलं की पहिलं काम तोफ न्हाय, दार.”

जहाजाच्या पोटात कप्पे असतात. एकात पाणी शिरलं की त्याचं पोलादी दार लावायचं, म्हणजे बाकीचं जहाज तरंगतं. याला डॅमेज कंट्रोल म्हणतात. आमच्या यानात पाणी आत येणार नव्हतं, हवा बाहेर जाणार होती. बाकी सगळं तेच.

“आणि आत माणूस असला तर?” मी विचारलं.

चाचा म्हणाले,

“आमच्यावर तशी येळ आली न्हाय, अल्लाची मेहेरबानी. पण सराव व्हायचा की. दार माझ्याकडं, आत माझा दोस्त पिल्लई. दार लावलं की तो आतून ठोकायचा, मस्करीत. समदे हसायचे. मला लई भ्या वाटायचं, बेटा. कुणाला बोललो न्हाय कधी.”

मी तेच लिहिलं. आत मित्र असताना नायक दार लावतो, आतून ठोकल्याचा आवाज येतो, मग थांबतो. चाचांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“असंच ठेव,” म्हणाले.

आणि आता हा फोन.

“सर, दार उघडलं तर सगळ्या यानातली हवा जाईल. तीनशे माणसं आहेत आत.”

“अहो, स्पेस आहे ते. कुणाला काय कळतंय?”

मी नकार दिला. बरेच दिवस भांडले. शेवटी त्यांनी तो प्रसंग दुसऱ्याकडून लिहून घेतला.

प्रसंगाचा शेवट बदललाय हे मी चाचांना आधीच सांगितलं होतं. तरी सल्लागार म्हणून त्यांचं नाव येणार होतं, म्हणून ते शेजाऱ्यांना बोलावून ऐकायला बसले. दार उघडलं, मित्र वाचला, मागे संगीत. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

चाचांनी हळूच विचारलं, “आन् बाकीच्या तीनशेंचं?”

“त्यांचं काही लिहिलं नाही, चाचा.”

“व्हय,” म्हणाले, आणि चहा सांगायला आत गेले.

एपिसोड लोकांना फार आवडला. चाचा आजही भेटले की गुडघ्यांबद्दल बोलतात, नळाला पाणी कधी येणार ते विचारतात. पुढच्या मालिकेसाठी नौदलाचं काही विचारलं, तर म्हणाले, “आता आठवत न्हाय.”

हल्ली सल्लागार शोधण्याआधी मी प्रोड्यूसरना विचारते, शेवट ठरलाय का? ठरला असेल तर कुणाच्या घरी जात नाही.