गाडी थरथरत होती, माझा पाय नव्हे

विश्रांती द्या म्हणे मावशींना! मी मागितली होती का विश्रांती? कोणी विचारलं का मला? सरळ मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, सगळ्यांच्या समोर... आणि खाली गुलाबाचं फूल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इथे अमेरिकेत, अल्फारेटात आमच्या मराठी मंडळाची एक जुनी व्हॅन आहे. दर बुधवारी मी त्यातून सहा आजी-आजोबांना सीनियर सेंटरला नेते आणि परत घरी सोडते. बाकी सगळे ऑफिसात, म्हणून चार वर्षं हे काम माझ्याकडेच आहे.

दीड महिन्यापूर्वी व्हॅन थरथरायला लागली. गावात हळू चालवली तर काही नाही. पण फोर हंड्रेड हायवेवर चढायच्या रॅम्पवर पाय दाबला की अख्खी गाडी हीव भरल्यासारखी कुडकुडायची... मागून हा मोठा ट्रक येतोय, आणि मागच्या सीटवर सहा म्हातारे जीव.

व्हॅनचं सगळं निखिल बघतो. सॉफ्टवेअरवाला आहे, हुशार आहे, मला मावशी म्हणतो. त्याने एक छोटं यंत्र गाडीला लावलं आणि फोनमध्ये बघितलं. "मावशी, बिघाडाचा एकही कोड येत नाहीये. गाडी ओके आहे."

मग एकटाच बसून सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे घराजवळच्या कॉलनीतच, दोन चकरा मारून आला. ग्रुपवर लिहिलं, इश्यू रिप्रोड्यूस होत नाही, म्हणजे त्याच्या हाती गाडी थरथरलीच नाही. अरे बाबा, रिकामी गाडी पंचवीसच्या स्पीडने फिरवलीस तर काय कपाळ होणार? माणसं भर, रॅम्पवर चढव, मग बोल!

मी मागे लागले तेव्हा टायर बॅलन्स करून आणले. थरथर तीच. मग एका काकांनी ग्रुपवर शोध लावला, की मावशी अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबत असतील, वयोमानाप्रमाणे पायाला अंदाज राहत नाही. माझं वय बावन्न. काका पासष्ट, आणि त्यांनी दिवाळीला स्वतःच्याच गॅरेजचं दार ठोकलं होतं... तेव्हा मी कुठे काही लिहिलं?

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या कमिटीकडून ते विश्रांतीचं आणि गुलाबाचं आलं. पुढच्या आठवड्यापासून ड्रायव्हरच्या लिस्टमध्ये माझं नाव नाही.

एक बुधवार हातात उरला होता. त्या दिवशी कुलकर्णी आजी माझ्या शेजारी बसल्या. पंच्याऐंशीच्या आहेत, मुलगा-सून दिवसभर कामावर, घरात बोलायला कोणी नाही. म्हणाल्या, "सुमन, आठवड्यातनं एकदाच मी चपला घालते गं. आता तेही गेलं."

रॅम्प आला, मी पाय दिला, गाडी हलायला लागली. आणि आजी म्हणतात, "एक सांगू का? तू पाय दिलास की माझी कवळी वाजते. पाय काढलास की गप्प बसते."

मागे सगळे हसले. मी नाही हसले. मी दोनदा पाय देऊन, काढून बघितला. खरंच... दिला की कडकड, काढला की बंद.

माझ्या वडिलांचा सांगलीला ट्रक होता. मी शाळा सातवीत सोडली, पण ट्रकखाली शिरलेल्या वडिलांना पाने-पक्कड देत लहानाची मोठी झाले. चाकात दोष असेल तर गाडी त्या स्पीडला हलतच राहते, पाय काढा नाहीतर ठेवा. पाय दिल्यावरच हलते तेव्हा इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा बघायचा, हे मला दहाव्या वर्षी माहीत होतं. मग एवढे दिवस सुचलं का नाही? कारण एवढी शिकलेली माणसं पाय, पाय म्हणत होती, आणि मीही माझ्या पायाकडेच बघायला लागले होते. त्याचा जास्त राग येतो.

पुढच्या एक्झिटला उतरले आणि आतल्या रस्त्याने सगळ्यांना घेऊन सरळ गॅरेजात. माझं इंग्लिश बेताचंच. गॅरेजवाल्या म्हाताऱ्याला म्हटलं, नो एम्प्टी, यू ड्राइव्ह फुल. त्याने गाडीत सहा जण बघितले, हसला, आणि तसाच चढावर घेऊन गेला. दोन मिनिटांत परत. सगळ्यांना उतरवून गाडी वर उचलली तर उजव्या बाजूच्या दांड्याचं रबर फाटलेलं, सगळं ग्रीस बाहेर उडालेलं, आतला सांधा झिजून ढिला झालेला. म्हणाला, ही गाडी हायवेवर न्यायची नाही.

फोटो निखिलला पाठवले, दांडा बदलायचा का विचारलं. त्याने अंगठा पाठवला. फक्त अंगठा! मी सातवी शिकलेली बाई सही करते, आणि तुम्ही एवढे शिकून अंगठा उठवता?

शुक्रवारी दांडा बदलला. त्याच रॅम्पवर मी स्वतः चढवून बघितली, कुलकर्णी आजींना मुद्दाम शेजारी बसवून. कवळी गप्प. त्या आजींचे आणि त्या गॅरेजवाल्याचे उपकार आहेत माझ्यावर, बाकी कोणाचे नाहीत.

आणि परवाच्या बुधवारी काय झालं? गाडी ठणठणीत, किल्ली निखिलच्या ड्रॉवरमध्ये, चालवायला कोणी नाही. सहाही जण घरी बसले. आजी सकाळी नऊपासून चपला घालून दारात बसल्या होत्या, त्यांना कोणी कळवलंच नव्हतं.

निखिल, काका, कमिटीचे सगळे... हे तुमच्यासाठी आहे. जिथे माझ्या पायाचं लिहिलंत, त्याच ग्रुपवर लिहा की दोष गाडीत होता. लिस्टमध्ये माझं नाव परत घाला. किल्ली घरी आणून द्या. मंगळवारी संध्याकाळी सहापर्यंत उत्तर पाहिजे, शब्दांत पाहिजे. अंगठा आणि गुलाब चालणार नाही. बुधवारी नऊपासून आजी दारात बसणार आहेत.