काचेतले डोळे

हे गेले, आणि हल्ली यांचे डोळे मला नीट आठवेनात. म्हणून सुनेने आमचा तरुणपणीचा जोडफोटो लेझरने काचेवर कोरून आणला. फोटोसाठी मी तेव्हा तोंडाला एवढी पावडर थापली होती की काचेवर माझ्या जागी नुसता पांढरा भोपळा उमटलाय. स्वतःला नटी समजत होते ना. यांचा सावळा चेहरा मात्र रेघन् रेघ आलाय.

पण काच पांढऱ्या भिंतीला टेकवली, तर दोघंही दिसेनासे झालो.

“आई, लेझर उजळ भागच खरवडतो, काळा भाग कोराच राहतो,” सून म्हणाली. “मागे काहीतरी गडद हवं.”

म्हणजे यांची बुबुळं कोरलेलीच नाहीत. तिथे नुसती आरपार काच. गेलेल्या माणसाचंही असंच होत असेल. काही ओरखडे तेवढे त्याचे उरतात, आणि मधली मोकळी जागा मागे राहिलेल्यांनी भरायची.

मी काच पोटाशी धरून आरशासमोर उभी राहिले. हळूहळू हे दिसू लागले. डोळ्यांत माझ्या साडीचा गर्द निळा रंग होता.

“दिसले का बाबा?” सुनेने विचारलं.

“बघताहेत,” मी म्हटलं.