हाताची सवय

कागद गिरणीच्या मागे, नदीकाठी, तो म्हातारा ढिवर, जन्माचा मासेमार, गिरणीचा ओला गाळ गोणपाटात बांधून पिळायचा. गिरणीच्या घाणीने नदीतले मासे मेले, आणि पोटासाठी याला तीच घाण वाळवून विकावी लागत होती. पिळलेलं काळं पाणी नाल्यातून पुन्हा नदीतच जाई. ते बघून माझं डोकं फिरलं. हातातलं पत्रक पुढे करत मी म्हणालो, "भाऊ, सोडा हे काम. आपण गिरणीशी लढू."

"लढ ना बापू. मासोया वापस येतीन का?"

त्याने गोणपाट सोडलं आणि पिळलेल्या गाळात बोटं फिरवली, जाळं ओढल्यावर मासे चाचपतात तशी.

"काय शोधता, भाऊ?"

"काई नाई. हाताले अजून कोनी सांगतलंच नाई."