देव्हाऱ्यातला लिथुआनियाचा घोडेस्वार

जपानमध्ये, ग्योतोकुच्या आमच्या घरी फ्रिजवर माझी कामांची यादी असते. त्या शुक्रवारी तिच्यात एकच काम उरलं होतं: लेकीने मैत्रिणीकडून बघायला आणलेलं नाणं परत करणं. मैत्रीण लिथुआनियाची, दुसऱ्या दिवशी कायमची मायदेशी निघालेली. नाणं तिच्या आजोबांनी दिलेलं, त्यावर त्यांच्या देशाचं राजचिन्ह: तलवार उगारलेला घोडेस्वार.

नाणं सापडेना. ऑफिसहून आल्याआल्या सगळे कप्पे उपसले, न जळणाऱ्या कचऱ्याची पिशवीही उलटी केली. पाय दुखत होते.

पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी विचारलं, "काय शोधतेस एवढं?"

"घोडेस्वाराचं नाणं, आई."

"खंडोबा ना? देव्हाऱ्यात बसवलेत. त्यांचा चांदीचा टाक तू पुण्यालाच विसरलीस."

घोडेस्वार हळदीत न्हाला होता.

"आजी, तो लिथुआनियाचा आहे," लेक म्हणाली.

"असेल. तीन दिवस भंडारा घेतोय मुकाट्याने."

वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. नाणं त्या मुलीला तिच्या आजोबांनी दिलंय, एवढंच मी सांगितलं. सासूबाईंनी नमस्कार केला आणि नाणं स्वतः धुऊन लेकीच्या हातात दिलं. घोड्याच्या पायांशी थोडी हळद राहिलीच.

यादीतलं काम खोडलं आणि खाली लिहिलं: टाक आणणे.