जिलबीनंतरचा घोट

"आंबट आहे," मेजर सावंतांनी ग्लास टेबलावर ठेवला. "आणि पातळ. आमच्या मेसमध्ये हे कुणी पिणार नाही."

सेठजींनी माझ्याकडे पाहिलं. मी दौलतरावांकडे पाहिलं. हातावर पांढरा रुमाल घेऊन ते भिंतीशी उभे होते आणि कुणाकडेच पाहत नव्हते.

मध्यभारत राज्याचे ते दिवस. इंदूरला बडा गणपतीजवळच्या एका शरबत-मुरब्ब्याच्या कारखान्यात मी केमिस्ट होतो. मालकांना सगळे सेठजीच म्हणत. गुलाब, खस, आवळा यांत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण महूच्या छावणीतले अफसर काही खस पिऊन खूश होत नाहीत, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून रीतसर परवाना काढून त्यांनी नाशपातीची सायडर करायला घेतली. सायडर म्हणजे फळांचा रस आंबवून केलेलं हलकं मद्य. एरवी ती सफरचंदाची करतात. सेठजी स्वतः थेंबालाही शिवत नसत. त्यांच्या वाटची चव मी घ्यायचो, आणि तीही चूळ भरून थुंकून टाकायची. घरी आईला एवढंच सांगितलं होतं की फळांच्या रसाचं काम आहे.

सायडर करणारे दौलतराव. त्यांची हयात संस्थानच्या आबदारखान्यात गेली होती. आबदारखाना म्हणजे राजवाड्यातलं पेयांचं खातं. संस्थान विलीन झालं आणि खातंही गेलं. साठीच्या आबदाराला कोण ठेवणार? सेठजींनी ठेवलं, पण एका अटीवर. पहिला माल मेसनं उचलला तर नोकरी पक्की, नाहीतर राम राम. थंडीभर पिंपात मुरलेल्या त्या सायडरमध्ये दौलतरावांनी सिमरोलकडची जांभळं घातली होती. रंग असा उतरला होता की पाहत राहावं. दोनच दिवसांपूर्वी मी ती चाखली होती. आधी नाशपातीचा मऊपणा, मग जांभळाचा हलका तुरटपणा. मी बिनधास्त ओके लिहिलं होतं.

आता तोच ग्लास मी तोंडाला लावला. खरंच आंबट लागला.

"मुजुमदारजी," सेठजी म्हणाले, "चाशनी डालो. मीठी कर दो, बात खतम."

"सेठजी, साखरेचा पाक घातला तर बाटल्या फुटतील."

"क्यों फूटेंगी? शरबत की तो कभी नहीं फूटी."

शरबतात आंबवणारं यीस्ट नसतं, सायडरमध्ये थोडं उरलेलं असतं. त्याला पुन्हा साखर दिली की ते पुन्हा कामाला लागतं, बंद बाटलीत वायू तयार होतो आणि बूच छताला जातं. हे मी समजावलं, पण सेठजींना ते केमिस्टचं रडगाणं वाटलं. मी मेजरसाहेबांकडे दहा मिनिटं मागितली आणि लॅबमध्ये गेलो.

आंबटपणा मोजायची रीत सोपी आहे. नमुन्यात बुरेट नावाच्या काचेच्या नळीतून अल्कलीचं पाणी थेंब थेंब सोडायचं. आंबटपणा मेला की नमुन्यात टाकलेल्या दर्शकाचा रंग पालटतो, तिथं थांबायचं आणि किती पाणी लागलं ते बघायचं. रंगीत नमुना असला तर नजर पक्की लागते, ती माझी होती. आकडा आला. दोन दिवसांपूर्वीचाच आकडा. परत केलं, परत तोच.

म्हणजे सायडर तीच होती. बदललं होतं ते आमचं तोंड. हे कळायला मला अक्कल लागली नाही, बुरेटची तोटी बोटांना चिकटत होती म्हणून कळलं. जिलबीचा पाक होता तो.

इंदुरात पाहुण्याला रिकाम्या तोंडी कामाचं बोलायला बसवत नाहीत. सेठजींनी सकाळी मेजरसाहेबांना पोहे आणि गरम जिलबी स्वतःच्या हातानं वाढली होती. "अरे साब, एक और, एक और," करत चार तरी वाढल्या असतील. माझ्याही पानात तीन पडल्या होत्या. जिलबीनंतर बिनसाखरेचा चहा पिऊन पाहा, म्हणजे काय झालं ते कळेल.

बाहेर येऊन मी सरळच सांगितलं. सेठजींचा चेहरा लाल झाला.

"मतलब हमारी जलेबी में खोट?"

"जलेबी एक नंबर होती, सेठजी. म्हणूनच तर हा घोटाळा झाला."

मेजर हसले. "मुजुमदार, मला अर्धा तास आहे. सिद्ध करा."

आम्ही सगळ्यांनी चुळा भरल्या. कोरडा पाव खाल्ला, पाणी प्यायलो. मी मेजरसाहेबांना मुरब्ब्याच्या कढया दाखवत फिरवलं. मग त्याच पिंपातून, त्यांच्या डोळ्यांदेखत, दौलतरावांनी ग्लास भरला. एक थेंब सांडला नाही. मेजरनी एक घोट घेतला. मग दुसरा. मग ग्लास रिकामा केला.

"दसऱ्याच्या आत पाठवा," ते म्हणाले. "सगळी."

ते गेल्यावर मी दौलतरावांना गाठलं. ते ग्लास पुसत होते.

"जिलबीनं असं होतं हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं ना, साहेब. वाड्यावर आधी कोरडी बिस्किटं जायची. गोड शेवटी."

"मग बोलला का नाहीत?"

"सेठजी आपल्या हातानं वाढत होते. यजमान वाढत असताना आबदार बोलत नसतो."

"अहो, नोकरी गेली असती तुमची."

"गेली असती," ते म्हणाले आणि दुसरा ग्लास उचलला.

मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. मी आकडे मोजत बसलो होतो, पण माल करणाऱ्या माणसाला एक शब्द विचारला नव्हता. केमिस्टनं बुरेट धरण्याआधी तोंड उघडावं, हे मी त्या दिवशी शिकलो.

सेठजींकडे मी एकच गोष्ट मागितली, चाखणीच्या दिवशी दौलतरावांना खुर्ची. आपल्याकडे उभ्या माणसाला कुणी मत विचारत नाही. सेठजींनी कां-कूं केलं, पण दिली. पहिल्या खेपेला दौलतराव खुर्चीच्या अगदी कडेवर बसले, जणू कुणी केव्हाही उठवील. पाहुणे रेसिडेन्सी भागातल्या एका क्लबचे होते. सेठजींनी नेहमीप्रमाणे ताट उचललं.

दौलतरावांनी दोन वेळा घसा खाकरला.

"सेठजी," ते बसल्या जागेवरून म्हणाले, "जिलबी मागाहून."

सेठजींनी ताट खाली ठेवलं.