शून्य वेळा उडवलेलं विमान

"याचं नाक बघा. उडायच्या आधीच वाकून सलाम करतंय. सवय असते एकेकाला."

चीफ बोलला आणि अख्खी खोली हसली.

खोली म्हणजे चार भिंतींची नाही. मोबाइलवर विमान बांधायचा एक खेळ आहे, त्यात बोलत बसायची खोली. चाळीसेक जण, सगळे मराठी. दर रविवारी दुपारी चारला तपासणी. एकानं आपण बांधलेलं विमान मांडायचं, बाकीच्यांनी त्याचे दोष काढायचे. खोली चालवणारा तो चीफ, पुण्यात इंजिनिअरिंगला. आवाज गोड. त्या रविवारी पडद्यावर माझं विमान होतं आणि मी वडवणीत, झेरॉक्सच्या दुकानात स्टुलावर, एकच बाजू चालणारा इयरफोन कानात घालून.

अठरा दिवस बांधत होतो. जाड टायर, वर चढवलेले पंख. दोन बांधांच्या मधे, ढेकळात उतरेल असं विमान. पुढचं चाक मुद्दाम आखूड ठेवलेलं, म्हणून उभं असताना नाक खाली. वेग घेतला की नाक उचलतं. उडवणाऱ्याला कळतं.

"निळा रंग कावून दिला बे? निळं दिलं की आपोआप वर जातं का?"

"याला राखीव धावपट्टी लागंल."

हसणं. पुन्हा हसणं.

निळ्यावर हसायला त्यांना माझं आडनाव पुरलं होतं. खोलीत टोपणनाव चालतं. पण विमान मांडायच्या आधी चीफनं गोड आवाजात विचारलं होतं, "बीडचे का? बीडमध्ये कुठले? पूर्ण नाव काय तुमचं?" मी सांगितलं. आडनावानंतर एक सेकंद शांतता पडते. ती मला पाठ आहे. भाड्याची खोली बघताना पडते, मुलाखतीत पडते. नेटवर्क गेलं असं वाटावं एवढीच. नेटवर्क गेलेलं नसतं.

आणि मी काय बोललो? लिहून ठेवतो.

"बरोबर हाय दादा. सुधारतो."

सोमवारी खरंच सुधारायला बसलो. विमान वर नेलं, खाली आणलं, ब्रेक दाबला. विमान गर्रकन डावीकडं फिरलं आणि पंखावर पडलं. शेवटच्या दिवशी टायर बदलताना डाव्या चाकाचा ब्रेक मी चुकीचा जोडला होता आणि पुन्हा उतरवून बघितलं नव्हतं. माझीच चूक. एकदा जरी कुणी हे विमान जमिनीला टेकवलं असतं तरी पहिल्या झटक्यात सापडली असती.

रविवारी सव्वीस दोष निघाले होते. त्यात हा नव्हता.

खोलीच्या दारावर पहिलाच नियम लिहिलेला आहे, चीफनंच लिहिलेला. उडवल्याशिवाय बोलायचं नाही. प्रत्येक विमानाच्या फाइलीखाली, ती किती जणांनी आपल्या मोबाइलवर उतरवून घेऊन उडवली, त्याचा आकडा दिसतो. मी आकडा बघितला.

उडवलं : ०.

फाइलीला विटाळ होतो का? तिला वास येतो का? पाणी लागतं का तिचं? बोट टेकवलं की उतरते, एवढीच गोष्ट. ते बोट एकानंही टेकवलं नव्हतं. सातवीत असताना विज्ञान प्रदर्शनात मी थर्माकोलचं विमान केलं होतं. पाहुण्यांनी प्रत्येकाची वस्तू हातात धरून फोटो काढला. माझ्याजवळ आल्यावर हात मागं बांधले आणि "छान, छान" म्हणाले. इतक्या वर्षांनी तेच हात. दोष काढायला सुद्धा आधी हात लावावा लागतो. त्यांनी दोष काढलेच नव्हते. मला काढलं होतं.

हे मला सोमवारी कळलं. तारीख-वार सोडा, पण क्रम नीट लक्षात ठेवा. कारण पुढचं मी कळून केलं.

खोलीत एक रिवाज आहे. या रविवारी ज्याची सालपटं निघाली, त्याला पुढच्या रविवारी पहिला हातोडा. म्हणजे दुसऱ्याच्या विमानावर पहिला बोलायचा मान. चीफ म्हणतो यानं माणूस घट्ट होतो. मी म्हणतो, मार खाल्लेल्याच्या हातात काठी दिली की तो मारणाऱ्याकडं बघत नाही, खाली कोण आहे ते शोधतो. आज म्हणतो. तेव्हा मी आठवडाभर त्या हातोड्याची वाट बघितली.

पुढच्या रविवारी विमान होतं घारीचं. घार हे तिचं खोलीतलं नाव. बीडजवळच्या पालीची, धनगराची पोरगी, बारावी झालेली. बिंदुसरेच्या धरणाकडं मेंढरं चरायला सोडली की भावाच्या मोबाइलवर विमान बांधायची. हे तिनंच सांगितलं होतं, कुणी न विचारता, हसून. तिचा माईक चालू झाला की मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू यायच्या.

तिच्या विमानाचे पंख लई लांब होते. इंजिन एवढंसं.

"हातोडा तुमचा," चीफ मला म्हणाला. "सुरू करा."

फाइल शुक्रवारीच आली होती. वेळ होता. नेट होतं. मी उडवलं नव्हतं.

"ताई," मी म्हणालो, "मेंढरं हाकण्याइतकं सोपं न्हाई हे. एवढ्या लांब पंखावर काय वाळवण घालायचंय का?"

खोली फुटली हसून. चीफ म्हणाला, "क्या बात! आता झाला हा आपला माणूस."

आपला माणूस. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.

हसणं ओसरल्यावर घंटा वाजल्या आणि घारीचा आवाज आला. चिडलेला नव्हता.

"दादा, उडवून बघितलं का?"

"बघायची काय गरज? दिसतंय की."

ती माईक बंद करायला विसरली असावी. बराच वेळ नुसत्या घंटा येत होत्या. मग त्याही थांबल्या.

दोन दिवसांनी तिच्या नावाच्या जागी 'खाते हटवले' असं करड्या अक्षरात आलं. फाइल तेवढी राहिली. माणूस निघून गेल्यावर उघडं राहिलेलं दार असतं तशी.

मी पत्रकं लिहितो. लिहितो, छापतो, बाजारात उभा राहून वाटतो. समता, सन्मान, हे शब्द माझ्या हातानं किती वेळा छापले त्याची मोजदाद नाही. त्या आठवड्यातही बाजारात उभा होतो. एका माणसानं पत्रक घेतलं, वाचलं नाही, घडी करून त्यात तंबाखूची पुडी बांधायला लागला.

"काका, वाचून तर बघा की," मी ओरडलो.

आणि तोंडातून शब्द सुटताच पाठीमागं घंटा वाजल्या. वळून बघितलं. कुणीतरी विकायला मेंढरं आणली होती, दुसरं काही नव्हतं. पण माझ्या हातातली पत्रकं जड झाली. वाटू शकलो नाही. दुकानात परत आलो.

झेरॉक्सचं मशीन घरघरत होतं. मी घारीची फाइल उतरवली. खाली तिनं एक ओळ लिहिली होती. ती कुणीच वाचली नव्हती, मीही नाही : 'धरणावरच्या घारीकडं बघून केलंय. वर गेल्यावर इंजिन बंद करा.'

वर नेलं. इंजिन बंद केलं.

ते खाली येईना.

आवाज नाही, काही नाही. लांब पंख हवेवर टेकवून ते पडल्यासारखं होई आणि पुन्हा उचललं जाई. खाली खेळातलं खोटं पाणी. गिऱ्हाईक काउंटर ठोकत होतं, "दोन कॉप्या, आधारच्या दोन कॉप्या." मला ऐकू येत होतं आणि उठता येत नव्हतं. मी त्या खोलीतली बरीच विमानं बघितली आहेत, चीफची सुद्धा. असं एकही नाही.

उडवलं : १. तो एक मी. आणि आकडा बघायला ती नव्हती.

तिसऱ्या रविवारी चारला खोलीत गेलो.

"हातोडा घारीचा होता," चीफ म्हणाला. "पण घार उडाली!" हसणं. "तुम्हीच घ्या परत. हात बसलाय तुमचा."

"आजचं विमान मी उडवलेलं न्हाई," मी म्हणालो. "म्हणून बोलणार न्हाई."

"अहो, गंमत असते."

"चीफ, माझं विमान तुमी उडवलंतं का? ब्रेक दाबला की ते कोणत्या बाजूला फिरतं, सांगा."

शांतता. तीच. पण या वेळी ती माझ्या आडनावानंतर पडली नव्हती.

"घारीचं? इंजिन बंद केल्यावर काय होतं? बेचाळीस जण हाय आपण, एकानं सांगा. मी बी उडवलं नव्हतं. मी बी त्यातलाच. सांगा."

कुणीतरी बोललं, "जातीवर कावून नेतो बे?"

मी जातीचं नावच घेतलं नव्हतं.

"इथे आम्ही जात वगैरे मानत नाही," चीफचा आवाज अजून गोडच. "वातावरण खराब करू नका." टुक असा आवाज आला आणि मी बाहेर होतो.

हे शौर्य म्हणून सांगत नाही. जिच्यासाठी बोलायला हवं होतं तिनं ते ऐकलं नाही. मित्र म्हणतो, पालीला जा, शोध, माफी माग. शोधली तर सापडेल. पण तिच्या दारात जाऊन मी माझं ओझं तिच्या डोक्यावर देणार नाही. मला हलकं व्हायचं नाही. त्या घंटा माझ्या कानात राहू द्या. मशीन थांबलं की वाजतात, बरोबर वाजतात.

नवीन खातं काढलंय. टोपणनाव नाही. नाव, बापाचं नाव, आडनाव, मुक्काम वडवणी. माझं विमान पुन्हा मांडलंय, निळंच. त्याखाली ब्रेकची चूक मीच लिहून ठेवलीय. हातोडा या हातात पुन्हा धरणार नाही.

दर रविवारी चारला त्या खोलीत येणार आहे. खोलीतल्यांनो, बाहेर काढाल, माहीत आहे. काढा. पुन्हा येईन. दुसरं काही बोलणार नाही. कुणाच्याही विमानावर कुणीही तोंड उघडलं की तिचाच प्रश्न विचारीन, तुमच्यातल्या प्रत्येकाला, आणि आधी स्वतःला.

उडवून बघितलं का?